नववीची भूमिती, प्रकरण पहिलं: मैदानावरच्या नोंदी

नववीच्या गणित भाग २ मधलं पहिलं प्रकरण म्हणजे ‘भूमितीतील मूलभूत संबोध’. बिंदू, रेषा, प्रतल, दरम्यानता, मध्यबिंदू, जर-तर विधानं, व्यत्यास. शाळा सुरू झाल्या झाल्या ते उरकलं जातं, कारण त्यात आकडेमोड कमी आणि वाक्यं जास्त. मुलांनाही ते सोपं वाटतं. पुढे समांतर रेषा आणि त्रिकोणात सिद्धता लिहायची वेळ आली की तोच वर्ग गप्प होतो. दहावीच्या चाळीस गुणांच्या पेपरात कृतीच्या चौकटी भरून वेळ मारून नेता येते, पण कोऱ्या कागदावर पक्ष (जे दिलंय ते), साध्य (जे सिद्ध करायचं ते) आणि सिद्धतेची पहिली ओळ लिहा म्हटलं की पेन थांबतं.

हे अडणं त्रिकोणापाशी सुरू होत नाही, पहिल्याच प्रकरणात सुरू होतं, असं माझं ठाम मत आहे. आकृतीत दिसणारी गोष्ट वेगळी आणि दिलेली गोष्ट वेगळी, हे मुलांना इथे कळलं नाही तर पुढची प्रत्येक सिद्धता पाठांतर होते. म्हणून यंदा या प्रकरणाला हवा तेवढा वेळ द्यायचा आणि ते वर्गाबाहेर काढायचं ठरवलं. पीटीच्या सरांना मुलींच्या संघासाठी कबड्डीचं मैदान आखून हवंच होतं. आमचा भाग तासगावचा, द्राक्षबागांचा. ओळीत खांब उभे करणारी माणसं घरोघरी. सुतळी, खुंट्या, फक्की, तीस मीटरची टेप एवढं साहित्य जमवलं. फळ्याच्या उजव्या कडेला दोन रकाने आखलेत, ‘दिलंय’ आणि ‘दिसतंय’. प्रकरण संपेपर्यंत ते पुसायचे नाहीत.

१८ जून २०२५

बिंदू म्हणजे काय, एवढाच प्रश्न. ‘लहान ठिपका.’ किती लहान? पेन्सिलला टोक करकरून ठिपके झाले. शेवटी एक मुलगी म्हणाली, ‘दोन रेषा छेदतात ती जागा.’ मग रेषा म्हणजे काय? ‘बिंदूंचा संच.’ वर्गाला घोटाळा लगेच कळला: रेषेच्या आधाराने बिंदू आणि बिंदूच्या आधाराने रेषा.

ग्रीक गणिती युक्लिडने इ.स.पू. ३०० च्या सुमारास ‘ज्याला भाग नाही तो बिंदू’ असं म्हणून पाहिलं. पण त्याच्या पुढच्या सिद्धतांमध्ये ही व्याख्या कुठेच कामाला येत नाही. कामाला येतात ती गृहीतकं. १८९९ मध्ये जर्मन गणिती डेव्हिड हिल्बर्टने भूमितीची मांडणी नव्याने केली तेव्हा बिंदू, रेषा, प्रतल यांची व्याख्या करण्याच्या भानगडीत तो पडलाच नाही. या तिघांनी एकमेकांशी कसं वागायचं, त्याचे नियम तेवढे दिले.

हे नुसतं सांगून पोचत नाही, म्हणून फळ्यावर लिहिलं: ‘दोन भिन्न बिंदूंतून एक आणि एकच रेषा जाते.’ मग ‘बिंदू’ पुसून ‘गाव’ लिहिलं आणि ‘रेषा’ पुसून ‘रस्ता’. वर्ग उसळलाच. तासगावहून सांगलीला जायला एकच रस्ता आहे होय? नाही ना, म्हणजे गाव आणि रस्ता हा नियम पाळत नाहीत. मग जी जोडी पाळते तिलाच बिंदू आणि रेषा म्हणायचं. ठिपका केवढा हा प्रश्न इथे आपोआप मिटला.

प्रतलाला आज हात लावला नाही.

२० जून

शाळेच्या कुंपणापलीकडे एका विद्यार्थ्याच्या वडिलांच्या नव्या बागेत लोखंडी अँगल उभे करायचं काम चालू आहे. नऊ बाय पाचची लागण, म्हणजे दोन ओळींत नऊ फूट आणि दोन वेलींत पाच फूट. त्यांची परवानगी घेऊन वर्ग बांधावर नेला.

ओळीचा पहिला अँगल पक्का केला, शेवटचा पक्का केला. मधल्या अँगलसाठी एक गडी खड्ड्यापाशी उभा. बागेचे मालक स्वतः पहिल्या अँगलच्या मागे बसले, एक डोळा मिटला आणि हाताने खुणा करायला लागले: ‘माझ्याकडं घे, अजून जरा, बास.’ मधला अँगल शेवटच्याला पूर्ण झाकतो तिथे थांबायचं. मुलं आळीपाळीने मागे बसून बघत होती.

मी विचारलं, टेप लावून खात्री करता का? ‘मॅडम, अंतराला टेप, ओळीला डोळा. टेपनं ओळ कळत न्हाई.’

हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं. त्यावर एक अख्खा तास घ्यायचा आहे.

बांधावरच एक गोष्ट पक्की झाली. पहिला आणि शेवटचा अँगल ठरला की मधल्यांना जागा निवडायची मुभा राहत नाही. ओळ त्या दोघांनी ठरवून टाकलेली असते. १८ तारखेला फळ्यावर लिहिलेलं गृहीतक हेच. तिसरा बिंदू मात्र ओळीत असेल किंवा नसेल, ते आपोआप मिळत नाही. एकरेषीय आणि नैकरेषीय हे शब्द तिथेच, अँगलकडे बोट दाखवून दिले.

२१ जून

योग दिन. तास झाला नाही.

२४ जून

आजचा प्रश्न: टेपने ओळ का कळत नाही?

पुस्तकातली दरम्यानता अंतरावरच उभी आहे. अ, ब, क हे भिन्न बिंदू आणि अब + बक = अक असेल, तर ब हा अ आणि क यांच्या दरम्यान आहे, असं म्हणायचं. लिहायचं अ-ब-क. म्हणजे पुस्तक अंतरावरून ओळ ठरवतं, आणि काल-परवाचे बागायतदार म्हणतात टेपने ओळ कळत नाही. दोघांपैकी कोण चुकतंय?

मैदानावर दोन खुंट्या बरोबर ८ मीटरवर ठोकल्या, अ आणि क. तिसरी खुंटी ब मुद्दाम ओळीच्या बाहेर, मध्याच्या समोर १० सेंटिमीटरवर. खुंटी वाकडी आहे हे अ च्या मागे बसणाऱ्या प्रत्येकाला झटक्यात दिसत होतं. मग अब आणि बक टेपने मोजले. चार मीटर आणि चार मीटर! बेरीज आठ. टेपच्या म्हणण्याप्रमाणे ब ओळीत आहे.

वर्गात येऊन हिशोब केला. पायथागोरसचं प्रमेय आठवीपर्यंत झालेलं आहे. अब म्हणजे १६ अधिक ०.०१ याचं वर्गमूळ, ४.००१२५ मीटर. दोन्हींची बेरीज ८.००२५. खुंटी १० सेंटिमीटर बाहेर आहे आणि अंतरांच्या बेरजेत फरक पडतो फक्त अडीच मिलिमीटर! सुतळी जरा सैल, टेप जरा झोळ खाल्लेली, की तो अडीच मिलिमीटर गेला.

दोघेही बरोबर आहेत. व्याख्या तंतोतंत समानता मागते; टेप ती कधीच देऊ शकत नाही. मोजून ‘साधारण समान’ मिळतं, आणि साधारण समान असणारा बिंदू दहा सेंटिमीटर बाहेरही असू शकतो. एकाने विचारलं, ‘मग गणितात अ-ब-क आहे हे कसं कळायचं?’ याच प्रश्नाची मी वाट बघत होते. एक तर ते दिलेलं असतं, नाही तर दिलेल्या गोष्टींवरून सिद्ध करावं लागतं. आकृतीकडे बघून नाही, पट्टी लावूनही नाही.

‘दिलंय’च्या रकान्यात पहिली नोंद पडली: अ-ब-क. ‘दिसतंय’मध्ये: खुंटी ओळीत आहे.

२७ जून

संख्यारेषा. दरवर्षी इथे एकच अडचण येते. −३ आणि ५ मधलं अंतर ८ बरोबर येतं, पण −३ आणि −७ मधलं १० येतं, कारण ‘उणे दिसलं की बेरीज’ असा नियम मुलांनी स्वतःच केलेला असतो.

यंदा संख्यारेषा मैदानाच्या लांबीवर आखली. महिलांचं कबड्डीचं मैदान १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद. मध्यरेषा म्हणजे शून्य. एका बाजूला धन, दुसऱ्या बाजूला ऋण. निदान रेषा मध्यरेषेपासून ३ मीटरवर, बोनस रेषा तिच्या पुढे १ मीटरवर, अंतिम रेषा ६ वर. म्हणजे खुंट्या ०, ३, ४, ६ आणि −३, −४, −६ वर. पुरुषांच्या १३ बाय १० च्या मैदानात निदान रेषा पावणेचार मीटरवर येते, आकडे अपूर्णांकात जातात. मुलींचं मैदान निवडलं ते बरं झालं.

संघातली एक मुलगी −३ वर उभी, दुसरी −४ वर. अंतर किती? कोणीही ७ म्हणालं नाही. डोळ्यासमोर एक पाऊल आहे, ते सात मीटर कसं होईल? मग तेच फळ्यावर: मोठ्या निर्देशकातून लहान वजा, (−३) − (−४) = १. नंतर एक ३ वर आणि एक −४ वर: ३ − (−४) = ७. चिन्ह बघून बेरीज-वजाबाकी ठरवायची नाही, मोठं कोणतं ते आधी बघायचं. तीन आणि उणे चार यांचा मध्यबिंदू विचारला तेव्हा दोघांनी मध्यरेषेवर उडी मारली, आणि लगेच एक जण अर्धा मीटर मागे सरकला. −०.५. बरोबर.

रेषाखंड, किरण, विरुद्ध किरण हे याच सुतळीवर पटकन झाले. त्यात अडण्यासारखं काही नव्हतं.

१ जुलै

जर-तर विधानं आणि व्यत्यास. पुस्तकातली उदाहरणं ठीक आहेत, पण मुलं त्यांचा व्यत्यास यंत्रासारखा लिहितात, खरा की खोटा याचा विचार करत नाहीत. कबड्डीचे नियम मात्र संघातल्या मुलींच्या जिभेवर आहेत, म्हणून तिथूनच सुरुवात केली.

विधान: जर चढाईत बोनस गुण मिळाला, तर समोर किमान सहा बचावपटू होत्या. खरं. बोनस सहा किंवा सात बचावपटू असतानाच लागू असतो. व्यत्यास: जर समोर किमान सहा बचावपटू असतील, तर बोनस गुण मिळतो. संघातल्या सगळ्याजणी एकदम, ‘छे, रेषा ओलांडायला नको का?’ व्यत्यास खोटा, आणि तो खोटा पाडायला एकच चढाई पुरली. प्रत्युदाहरण हा शब्द फळ्यावर गेला.

मग भूमिती. जर दोन कोन रेषीय जोडीतले (एका सरळ रेषेवर शेजारी-शेजारी) असतील, तर त्यांच्या मापांची बेरीज १८०° असते. व्यत्यास? अर्धा वर्ग ‘खरा’ म्हणाला. कागदाच्या दोन टोकांना ११०° आणि ७०° चे कोन वेगवेगळे काढून दाखवले ते एका मुलाने, मी नाही. शेजारी नसलेले कोन, बेरीज १८०°. व्यत्यास खोटा.

आणि समद्विभुज त्रिकोण: दोन बाजू एकरूप तर समोरचे कोन एकरूप. याचा व्यत्यास खरा आहे, पण तो खरा आहे हे वेगळं सिद्ध करावं लागतं. मूळ विधान खरं म्हणून व्यत्यास फुकटात मिळत नाही, हे आज तिन्ही उदाहरणांतून दिसलं.

‘जर’नंतरचा भाग ‘दिलंय’च्या रकान्यात आणि ‘तर’नंतरचा भाग साध्यात. हे एका मुलीने आपणहून वहीत केलं. उद्यापासून सगळ्यांनी तसंच करायचं.

४ जुलै

मैदानाचे कोपरे. गवंडी काटकोन कसा धरतो ते जवळजवळ सगळ्या मुलांना माहीत आहे: एका बाजूला ३, दुसऱ्या बाजूला ४, तिरकं ५ आलं की कोपरा गुण्यात. ‘म्हणजे पायथागोरस,’ वर्ग म्हणाला.

इथे थांबवलं. पायथागोरसचं प्रमेय काय म्हणतं? जर काटकोन असेल, तर कर्णाचा वर्ग बाकी दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका. गवंड्याकडे काटकोन आधी असतो का? काटकोनच तर त्याला हवा आहे. त्याच्याकडे बाजू आहेत, त्यावरून तो कोन ठरवतो. म्हणजे गवंडी वापरतो तो व्यत्यास! १ जुलैचा धडा अंगणात उभा राहिला. हा व्यत्यास खरा आहे आणि त्याची सिद्धता दहावीत येते. आज तो उसना घेतला आणि तसं ‘दिलंय’मध्ये लिहून ठेवलं.

३-४-५ ऐवजी ५-१२-१३ वापरायचं मी सुचवलं. मैदानाची लांब बाजू बाराच मीटर आहे, ती अख्खी वापरता येते. पण खरं कारण निराळं. तिरकं मोजताना एक सेंटिमीटर इकडे-तिकडे झालं, तर ३-४-५ मध्ये कोन साधारण पाव अंशाने चुकतो आणि आठ मीटरच्या बाजूचं टोक तीन सेंटिमीटरहून जास्त सरकतं. ५-१२-१३ मध्ये तेवढीच चूक असली तरी टोक सरकतं त्याच्या जवळजवळ निम्मं. त्रिकोण जितका मोठा, तितकी टेपची चूक कोनाला कमी लागते.

बौधायनाच्या शुल्बसूत्रांत दोरी आणि खुंट्यांनी वेदी आखण्याचं काम आहे, आणि ज्या बाजूंवरून कर्ण पूर्ण संख्येत मिळतो अशा जोड्यांची यादीही आहे: ३ आणि ४, १२ आणि ५, १५ आणि ८, ७ आणि २४, १२ आणि ३५, १५ आणि ३६. मुलांनी सहाही कर्ण काढले. शेवटची जोडी आधीच्याच एका जोडीची तिप्पट आहे, हे मागच्या बाकावरच्या एका मुलाकडून आलं. १५ आणि ३६ म्हणजे ५ आणि १२ ची तिप्पट, म्हणजे यादीतली दुसरी जोडी. त्याने पहिलीशी ताडून पाहिलं, जमलं नाही, मग दुसरीशी जमलं. हे स्वतःच्या हाताने शोधण्यात त्याचा सगळा मधला तास गेला आणि मला त्याचं फार बरं वाटलं.

५ जुलै

उद्या आषाढी एकादशी. सकाळच्या शाळेत दिंडी. फक्की मारलेल्या कोपऱ्यांवरून दिंडी जाऊ नये म्हणून खुंट्या तेवढ्या ठेवल्या, सुतळी सोडून घेतली.

११ जुलै

चारही कोपरे झाले. आता आयत झाला की नाही कसं तपासायचं? पीटीचे सर म्हणाले, कर्ण मोजा, समान आले की झालं. मैदान आखणारे सगळे असंच करतात आणि ते चालतंही.

१२ आणि ८ चा कर्ण हिशोबाने २०८ चं वर्गमूळ, १४.४२ मीटर. दोन्ही कर्ण मोजले, तेवढेच आले.

मग प्रश्न: जर चौकोनाचे कर्ण एकरूप असतील, तर तो आयत असतो का? सगळे हो म्हणाले, कारण समोर आयत दिसत होता. मी दोन खुंट्या उपटल्या. एक आठ मीटरची बाजू तशीच ठेवली, तिच्यासमोरच्या दोन्ही खुंट्या एक-एक मीटर आतल्या बाजूला घेतल्या. समोरची बाजू आता सहा मीटर. कर्ण मोजा. दोन्ही पुन्हा समान, आणि आयत तर दिसतही नाही. समद्विभुज समलंब चौकोन.

मग सरांची पद्धत चुकीची आहे का? अजिबात नाही. सर कर्ण मोजण्याआधी समोरासमोरच्या बाजू समान घेतात. समोरासमोरच्या बाजू समान आणि वर कर्ण समान, म्हणजे आयत. अर्धी अट ते हाताने आधीच पूर्ण करतात, फक्त तोंडाने बोलत नाहीत. सिद्धतेत ती न बोललेली अट लिहावी लागते. सर स्वतः ऐकत उभे होते. त्यांनी मुलांना सांगितलं, ‘आधी बाजू, मग कर्ण, हे मी आता बोलूनही दाखवणार.’

१५ जुलै

सुतळीचा मोठा त्रिकोण जमिनीवर. एक मुलगा एका बाजूवरून सरळ आत शिरला आणि न वळता चालत राहिला. बाहेर कुठून पडेल? उरलेल्या दोन बाजूंपैकी एकीवरून, नाही तर समोरच्या शिरोबिंदूतून. वर्ग हसला: हे काय सांगायची गोष्ट आहे?

सांगायची गोष्ट आहे, आणि दोन हजार वर्षं ती कोणी सांगितली नव्हती. युक्लिडच्या गृहीतकांत ‘दरम्यान’, ‘आत’, ‘बाहेर’ यांच्याबद्दल एकही वाक्य नाही. तो आकृती काढतो आणि बिंदू कुठे पडला ते आकृतीवरून घेतो. मॉरिट्झ पाश या जर्मन गणितीने १८८२ मध्ये हे त्रिकोणाचं विधान गृहीतक म्हणून मांडलं, कारण ते युक्लिडच्या गृहीतकांवरून सिद्ध होत नाही. हिल्बर्टने ते आपल्या यादीत घेतलं.

युक्लिड हे नाव ऐकून एका मुलीने विचारलं, आपल्याकडे हे कधी आलं? अठराव्या शतकात सवाई जयसिंगाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटाने ते अरबीवरून संस्कृतात आणलं, ‘रेखागणित’ या नावाने. म्हणजे ग्रीक, अरबी, संस्कृत असा प्रवास. दरम्यानतेची ती मोकळी जागाही त्या प्रवासात सोबत आली.

एवढ्या स्पष्ट गोष्टीचं गृहीतक कशाला, हा प्रश्न मात्र मुलांच्या चेहऱ्यावर तसाच होता. त्याचं उत्तर शुक्रवारी.

१८ जुलै

फळ्यावर हाताने एक त्रिकोण काढला, अबक. बाजू अब ८ सेंमी, अक ६ सेंमी असं लिहिलं. आणि म्हटलं, आता मी सिद्ध करते की अब आणि अक समान आहेत.

कोन अ चा दुभाजक आणि बाजू बक चा लंबदुभाजक काढले. ते म मध्ये छेदतात. म पासून अब वर लंब मप, अक वर लंब मफ. आकृतीत म त्रिकोणाच्या आत, प आणि फ आपापल्या बाजूंवर.

त्रिकोण अपम आणि अफम कोकोबा (कोन-कोन-बाजू) कसोटीने एकरूप, म्हणून अप = अफ आणि मप = मफ. म लंबदुभाजकावर आहे म्हणून मब = मक; हे प्रमेय पुढे त्रिकोणाच्या प्रकरणातलं, उसनं घेतलं. त्रिकोण मपब आणि मफक कर्णभुजा कसोटीने एकरूप, म्हणून पब = फक. आता बेरीज: अप + पब = अफ + फक. म्हणजे अब = अक. आठ बरोबर सहा.

वर्ग गडबडला. कसोट्या आठवीतल्या, त्यांनीच वापरलेल्या. प्रत्येक ओळीला ‘का’ विचारलं तरी कारण बरोबर निघत होतं. कोणीतरी म्हणालं, ‘कर्णभुजा चुकीची लावली.’ तपासली, बरोबर. घंटा झाली. घरून कंपास आणि पट्टीने नीट रचना करून आणायची: ८, ६ आणि बक ९ सेंमी. हाताने काढायची नाही.

१९ जुलै

सकाळी सात वाजताच तिघीजणी वह्या उघडून दारात. म त्रिकोणाच्या बाहेर जातोय! बक च्या पलीकडे, खाली.

इथेच बरेच जण थांबतात: म बाहेर आहे, म्हणून सिद्धता चुकली. मी विचारलं, म बाहेर असल्याने नक्की कोणती ओळ मोडली? पुन्हा एकेक ओळ वाचली. अप = अफ, अजूनही खरं. पब = फक, अजूनही खरं. एकरूपता म आत आहे की बाहेर हे विचारतच नाही. मोडली ती एकच ओळ: अक = अफ + फक. नीट काढलेल्या आकृतीत प हा अ आणि ब यांच्या दरम्यान आहे, पण फ हा क च्या पलीकडे, वाढवलेल्या बाजूवर. अ-प-ब, पण अ-क-फ. म्हणजे अब = अप + पब आणि अक = अफ − फक. मोजून पाहिलं: अप आणि अफ ७, पब आणि फक १. सात अधिक एक आठ, सात उणे एक सहा. चोख.

यानंतर एका मुलीने जे केलं ते मला अपेक्षित नव्हतं. तिने विचारलं, कोणी ८ आणि ६ ऐवजी दुसरी मापं घेतली तर दोन्ही लंब आत पडणार नाहीत कशावरून? आणि उत्तरही स्वतःच बांधलं. दोन्ही आत पडले तर बेरीज करून बाजू समान येतील. दोन्ही बाहेर पडले तर वजाबाकी करून समान येतील. पण बाजू असमान दिलेल्या आहेत. म्हणून एक आत आणि एक बाहेर, दुसरी शक्यताच नाही. तिने कंपास हातात न घेता, कोणत्याही असमान बाजूंच्या त्रिकोणासाठी हे सिद्ध केलं. तिच्याकडून ते फळ्यावर लिहून घेतलं आणि सगळ्यांनी वहीत उतरवलं.

‘दिसतंय’च्या रकान्यात आज: फ हा अ आणि क च्या दरम्यान आहे. मंगळवारी ज्या गोष्टीवर वर्ग हसला होता, तीच गोष्ट इथे न लिहिता वापरली गेली आणि आठ बरोबर सहा झाले. पाशचं गृहीतक कशाला लागतं, हे मला वेगळं सांगावं लागलं नाही.

२२ जुलै

विरुद्ध कोन एकरूप असतात, याची सिद्धता प्रत्येकाने कोऱ्या कागदावर. चौकटी नाहीत, इशारे नाहीत. मी फळ्यावर एवढंच दिलं: रेषा अब आणि रेषा कड बिंदू म मध्ये छेदतात.

बहुतेकांनी नीट लिहिली. कोन अमक + कोन कमब = १८०°, रेषीय जोडी. कोन कमब + कोन बमड = १८०°, रेषीय जोडी. म्हणून कोन अमक आणि कोन बमड एकरूप. चार-पाच जणांनी पक्ष आणि साध्य उलटसुलट केले. त्यांना १ जुलैचा जर-तरचा धडा पुन्हा द्यायचा आहे. दोघांचा कागद कोराच आहे, त्यांच्यासोबत वेगळं बसायला हवं; त्यांची अडचण भूमितीची नसून वाचनाची आहे असं दिसतंय.

एका कागदावर सिद्धता नव्हती, प्रश्न होता. ‘मॅडम, रेषीय जोडीसाठी मअ आणि मब विरुद्ध किरण हवेत, म्हणजे अ-म-ब हवं. तुम्ही फक्त रेषा छेदतात एवढंच दिलंय. अ आणि ब म च्या एकाच बाजूला असतील तर?’ खाली आकृती: म डावीकडे, अ आणि ब दोन्ही उजवीकडे. रेषा अब, रेषा कड, छेदनबिंदू म, सगळं दिल्याप्रमाणे. आणि रेषीय जोडी नाही.

हा कागद उद्या वर्गात वाचायचा. पुस्तकात या प्रमेयाच्या पक्षात अ-म-ब आणि क-म-ड असं स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि मुलं ती ओळ शोभेची समजून गाळतात. ती का आहे हे त्या मुलाच्या तोंडूनच ऐकवायचं.

गुरुवारपासून समांतर रेषा. त्याआधी मैदानावर एक छेदिका आखून ठेवायची आहे, दोन रेषांशी एकाच बाजूच्या आंतरकोनांची बेरीज १८०° पेक्षा जराशी कमी ठेवून, रेषा मैदानाच्या बाहेर कुठेतरी भेटतील इतकी कमी. युक्लिडचं पाचवं गृहीतक तिथून सुरू करेन. एका रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला एक आणि एकच समांतर रेषा, हे त्याचं प्लेफेअरने १७९५ मध्ये दिलेलं रूप त्यानंतर. सुतळी आणखी लागेल. फक्कीचं एक पोतं संपत आलंय, सरांना सांगितलं आहे.